खुर्चीवरची नमाज शिकवणारं अ‍ॅप : वेगळा कोपरा नको

नमाज शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यासाठी शेवटी वेगळा विभाग ठेवू' अशी सूचना आली आहे. मला ती पटली नाही. सुरुवातीलाच विचारा ना : उभं राहता येतं, बसता येतं की आडवंच राहावं लागतं? हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्येही, हाच क्रम आहे. पैगंबरांचे एक सहकारी इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सांगितलं, उभ्याने पढा, नाही जमलं तर बसून, तेही नाही तर कुशीवर.

मोमिनपुऱ्यातले आमचे एक चाचा लकव्यानंतर खुर्चीवर बसून नमाज पढतात. अ‍ॅपमधला धडधाकट माणूस सरळ जमिनीवर सजद्यात जातो, म्हणजे कपाळ टेकवतो, मग यांनी किती झुकायचं? इशाऱ्याने, म्हणजे बसल्या जागी नुसतं झुकून पढताना सजद्याला रुकूपेक्षा (कमरेत वाकण्यापेक्षा) जास्त झुकायचं, एवढंच. पण हा फरक बाजूने काढलेल्या चित्रातच दिसतो, समोरून नाही.

आणि सरावाचा पडदा आपोआप पुढे सरकवू नका बाप्पा! चाचांचा थरथरता हात बटणापर्यंत पोचेतो तिकडे दुसरी रकात (नमाजची पुढची फेरी) सुरू झालेली असते. एकच मोठं बटण द्या, तेही तळाशी, डाव्या-उजव्या कुठल्याही अंगठ्याला लागेल असं.