जुने भयपट प्रोजेक्टरवर दाखवायचे आहेत : कुठली प्रत, किती अंधार, किती आवाज?

सांजवात

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये चार शनिवार जुने परदेशी भयपट दाखवायचं घाटतंय. ‘नोस्फेराटू’ (1922), ‘कॅट पीपल’ (1942), ‘सायको’ (1960) आणि ‘द हॉन्टिंग’ (1963) अशी कच्ची यादी आहे. प्रेक्षक तीसेक, त्यात निम्मी कॉलेजची मुलं. साधा एलसीडी प्रोजेक्टर, 100 इंची पडदा, लॅपटॉप आणि दोन स्पीकर एवढाच जामानिमा. हॉलच्या भिंती पांढऱ्या.

मूळ शंका अशी : ज्यात रक्त जवळजवळ नाही, भूत धड दिसतही नाही, असे चित्रपट साठ ते शंभर वर्षांनंतरही लोकांना धरून ठेवतात. मग तेच घरच्या टीव्हीवर लावले की हसू का येतं? मध्यंतराचं काय करावं तेही सांगा.

रीळबहाद्दर

कारण या चित्रपटांतली भीती दोन जागी ठेवलेली असते, चौकटीतल्या काळोखात आणि आवाजातल्या शांततेत. घरच्या टीव्हीचं फॅक्टरी सेटिंग नेमकं या दोन्हींवर उठतं. काळोख उजळतं, शांतता भरून काढतं. उरतात ते जुन्या धाटणीचे संवाद, त्यावर कोणीही हसेल.

आधी अंधार. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर जो काळा दिसतो तो म्हणजे तुमच्या खोलीतला उरलेला अंधार. पांढऱ्या भिंती पडद्यावरचा उजेड परत पडद्यावरच फेकतात, म्हणून निदान पडद्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर आणि वर छतापर्यंत गडद कापड लावा. मंडपवाल्याकडचे काळे किंवा गडद निळे पडदे चालतील, चकचकीत सॅटिन नको. स्विचबोर्डावरचे, एसीचे लाल-हिरवे दिवे चिकटपट्टीने झाका. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पडदा काळा झाला की नजर तिकडेच जाते.

मग ब्राइटनेस. पिक्चर मोड ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘सिनेमा’ करा. ‘कॅट पीपल’मधला तरणतलावाचा प्रसंग लावून थांबवा. चित्राच्या डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या करड्या दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा, मग त्या पुन्हा काळ्या होतील तिथपर्यंतच हळूहळू उतरवा. पाण्याचे कवडसे भिंतीवर हलताना दिसले पाहिजेत आणि कोपऱ्यात काय आहे ते कळता कामा नये. त्या प्रसंगात श्वापद म्हणून जी सावली सरकते ती दिग्दर्शक जाक टूर्नरने स्वतःच्या मुठीची पाडली होती. ब्राइटनेस चढा असेल तर ती सावली भिंतीवरचा डाग वाटते.

टीव्हीवर पाहणाऱ्यांसाठी एक जोड : मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की काम होतं. सेकंदाला 24 चौकटींचं चित्र टीव्ही मधल्या खोट्या चौकटी घालून गुळगुळीत करतो आणि सगळं दैनंदिन मालिकेसारखं दिसायला लागतं.

खारी_बिस्किट

आवाजाचं मी सांगतो, कारण तिथेच जास्त घाण होते.

लॅपटॉपवर किंवा स्पीकरवर ‘नाइट मोड’, ‘लाउडनेस इक्वलायझेशन’, ‘व्हर्च्युअल सराउंड’ असं जे काही असेल ते सगळं बंद. ‘कॅट पीपल’मध्ये अ‍ॅलिस रात्री एकटी रस्त्याने चालते तो प्रसंग घ्या. पार्श्वसंगीत नाही. तिच्या आणि तिच्या मागावर असलेल्या बाईच्या टाचांचा आवाज, मग मागचा आवाज थांबतो. अ‍ॅलिसचा वेग वाढतो. आणि एकदम उजवीकडून बस येते, तिच्या ब्रेकचा फुत्कार आधी श्वापदाचाच वाटतो. हॉलिवूडच्या बोलीत या युक्तीला आजही निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने ‘ल्यूटन बस’ म्हणतात. आता नाइट मोड काय करतो? टाचांचा हलका आवाज वर आणतो, ब्रेकचा मोठा आवाज खाली दाबतो. दोन्ही सारखेच. बस आली, बस गेली.

आवाजाची पातळी सुरुवातीच्या साध्या संवादावर ठरवा, शेवटच्या रांगेत बसून ऐका आणि नंतर हात लावू नका. शांत प्रसंगात कोणीतरी हमखास ‘आवाज वाढवा’ म्हणेल. वाढवायचा नाही. ध्वनिपट मोनो (एकाच वाहिनीचा) आहे, दोन्ही स्पीकर पडद्यालगत ठेवा. हॉलच्या दोन टोकांना ठेवलेत तर पावलं पडद्यावर न वाजता खिडकीपाशी वाजतील.

सबटायटल्स लावणार असाल तर साधी घ्या, कर्णबधिरांसाठीची नकोत (अर्थात प्रेक्षकांत कोणाला त्यांची गरज असेल तर ती आधी). त्यांत ‘पावलांचा आवाज’, ‘दार करकरतं’ असं लिहिलेलं असतं आणि ते बऱ्याचदा आवाजाच्या क्षणभर आधीच पडद्यावर उमटतं. ‘सायको’तल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात हे झालं तर खेळ खलास. तिथे संगीतकार बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली आहेत. दिग्दर्शक हिचकॉकला तो प्रसंग मुळात संगीताशिवाय हवा होता, हरमनची रचना ऐकून त्याने मत बदललं. आधीची पाण्याची एकसुरी धार नीट ऐकू आली तरच ती व्हायोलिनं कानात घुसतात.

सांजवात

दोघांचेही आभार. ‘नोस्फेराटू’च्या नेटवर डझनभर प्रती दिसतात, 65 मिनिटांपासून 94 मिनिटांपर्यंत. मुलांना लवकर सुटका म्हणून छोटी घेऊ का?

रीळबहाद्दर

अजिबात नको. 94 मिनिटांची, रंगछटा दिलेली, हान्स एर्डमानच्या मूळ संगीतावर आधारित ध्वनिपट असलेली प्रत घ्या.

छोट्या प्रती बहुतेक दोन कारणांनी छोट्या असतात. एक, काटछाट. दुसरं, वेग. हा मूकपट सेकंदाला साधारण 18 चौकटींच्या वेगाने दाखवायचा आहे. तो 24 ने पळवला की 94 मिनिटांचा ऐवज सत्तरेक मिनिटांत संपतो आणि सगळी पात्रं तुरुतुरु धावतात. लोक हसतात ते याला. गंमत म्हणजे रक्तपिपासू काउंट ऑर्लोकची घोडागाडी मुद्दामच अनैसर्गिक वेगाने पळवलेली आहे आणि जंगलाचा एक तुकडा निगेटिव्हमध्ये दाखवला आहे, झाडं पांढरी, आकाश काळं. सगळाच चित्रपट वेगाने पळत असेल तर ही घोडागाडी वेगळी उठूनच दिसत नाही.

रंगाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. रात्रीचे बाहेरचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित केले आणि प्रतींवर निळी छटा चढवली. निळं म्हणजे रात्र, हे त्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक होतं. निव्वळ कृष्णधवल प्रतीत काउंट ऑर्लोक शवपेटी बगलेत मारून भर उन्हात गावातून फिरताना दिसतो आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो! मग कॉलेजची पोरं विचारणारच.

बाकी, स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता हा चित्रपट काढला म्हणून त्याच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायचा आदेश दिला होता. आज आपण पाहतो ते वाचलेल्या प्रतींतून जुळवलेलं आहे, त्यामुळे मधूनमधून ओरखडे राहणारच.

तिसरी_घंटा

‘द हॉन्टिंग’बद्दल एक सावधगिरी. त्यात भिंती वाकलेल्या दिसतील, उभ्या रेषा कडेला झुकतील. प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करायची सोय) त्या वेळी पिळत बसू नका! दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने पॅनाव्हिजनची 30 मिमीची वाइड लेन्स हट्टाने मागून घेतली. ती अजून पक्की झाली नव्हती, चित्र वाकडं येतं हे मान्य असल्याचं कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याला तेच वाकडेपण हवं होतं. कीस्टोन आधीच चौकटीच्या टेस्ट पॅटर्नवर लावून ठेवा.

हा चित्रपट 2.35:1 चा आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या 2.35 पट. तुमचा 100 इंची पडदा म्हणजे अंदाजे 221 बाय 125 सेंमी. त्यावर चित्राची उंची 94 सेंमीच भरेल, वर-खाली काळं राहील. राहू दे. झूम करून पडदा भरलात तर दोन्ही कडा कापल्या जातील आणि वाइज पात्रांना कडेलाच ठेवतो. उलट ‘कॅट पीपल’ 1.37:1, त्याची रुंदी 171 सेंमी भरेल. ताणून 221 करू नका, सगळे गोलमटोल होतील.

माझ्या मते ‘नोस्फेराटू’ पहिल्या शनिवारी नको. मूकपट पाहायची सवय नसलेल्या प्रेक्षकाला पहिली वीस मिनिटं पडदा वाचायलाच लागतात. ‘सायको’ने उघडा, मग ‘कॅट पीपल’ (73 मिनिटंच आहे), मग ‘द हॉन्टिंग’, शेवटी ‘नोस्फेराटू’. मध्यंतर फक्त ‘सायको’त खपेल, तेही न्हाणीघराच्या प्रसंगानंतर लगेच नाही. खून झालेल्या बाईची गाडी दलदलीत बुडते तिथे, साधारण तासाभराने. गाडी मध्येच अडकते आणि आपण नकळत ती बुडावी म्हणून श्वास धरतो. तिथे दिवे लावले की लोक चहा पिताना त्यावरच बोलतात. ‘द हॉन्टिंग’ 112 मिनिटांचा आहे, पण सलग दाखवा.

खारी_बिस्किट

क्रमाशी सहमत नाही. ‘सायको’चं रहस्य आता सगळ्यांना ठाऊक असतं. मुलं ‘कधी येतोय तो प्रसंग’ म्हणून वाट बघत बसतील. ‘कॅट पीपल’ आधी, त्यात काय होणार हे कोणाला माहीत नसतं.

पाचवा शनिवार मिळाला तर ‘द इनोसन्ट्स’ (1961) घ्या. तो काळ्या पडद्यावर लहान मुलीच्या गाण्याने सुरू होतो, कंपनीचा लोगोही नंतर येतो. फाइल बिघडली समजून कोणी लॅपटॉपकडे धावू नये म्हणून सांगून ठेवा. त्यातल्या चौकटीचे कोपरे अंधारलेले आहेत तेही लेन्सची चूक नव्हे. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा रंगवून ते केलंय. तळ्यापलीकडे बोरूंत उभी असलेली काळ्या कपड्यांतली बाई मोबाइलवर दिसतसुद्धा नाही, तुमच्या पडद्यावर दिसेल.

सांजवात

ठरलं, ‘कॅट पीपल’ आधी. काळ्या पडद्यांसाठी मंडपवाल्याला फोन करते. डीव्हीडी विकत घेतली तर सोसायटीत दाखवायला हरकत नसावी ना?

तिसरी_घंटा

डिस्क घरगुती वापरापुरतीच असते, तिकीट लावलं नाही म्हणून जाहीर खेळ घरगुती ठरत नाही. वितरकाकडे एका खेळाची लेखी परवानगी मागा, चित्रपटाचं नाव, तारीख आणि प्रेक्षकसंख्या लिहून. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या शनिवारच्या आधी महिनाभर तरी पत्र जाऊ दे.