इंजेक्टरच्या सीसीचा आकडा नक्की किती दाबावरचा?
४४० सीसीचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल; सीसी म्हणजे ते मिनिटाला किती पेट्रोल सोडतात ते) काढून ५५० चे टाकले की काम झालं, असं काही जण सांगतात. पण तो आकडा पेट्रोलच्या किती दाबावर मोजलाय? बहुतेक ३ बारवर मोजतात. दाब ४ बार केला तर प्रवाह वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे जेमतेम १५ टक्के; ४४० चे साधारण ५०८ होतात. २०० एचपीच्या चार सिलिंडर टर्बो पेट्रोलला ८० टक्के ड्यूटी सायकल (इंजेक्टर एकूण वेळेपैकी किती वेळ उघडा राहतो ते) धरून दर इंजेक्टरमागे मिनिटाला सुमारे ४०० सीसी पुरतात. मग ५५० कशाला?

आणि इंजेक्टरला मल्टीमीटर लावून त्याचा रोध मोजाच. १२ ते १६ ओहम दिसले तर निवांत राहा. २-३ ओहमचा निघाला तर साध्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) रेझिस्टरशिवाय जोडू नका, त्यातला ड्रायव्हर (इंजेक्टरला वीज देणारं सर्किट) जळतो. (कसं कळलं, ते विचारू नका!)