एकवीस हजारांचा दाखला आणि 'फुकटे म्हातारे'

कोरडी_विहीर
गेल्या आठवड्यात हिशेबी यांनी इथे लिहिलं होतं की म्हाताऱ्यांना दरमहा पैसे वाटणं सरकारने बंद करावं. 'तरुणपणी चार पैसे बाजूला टाकले नाहीत त्यांचं म्हातारपण करदात्याने का काढायचं? पोटची पोरं कशाला आहेत?' असे त्यांचे शब्द. खाली अंगठ्यांची रांग. ते वाचलं तेव्हा मी तहसीलच्या व्हरांड्यात उभी होते, म्हणून गप्प बसले. आज सवड आहे.

शेजारच्या मावशींबरोबर गेले होते. पस्तीस वर्षं चार घरची धुणीभांडी, सुगीत खुरपणी. लाडकी बहीणचे १५०० येत होते. पासष्ट पूर्ण झाली आणि बंद. पुढे म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना करून घ्या म्हणाले. तिथेही १५००च, पण लाडकी बहीणला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाख चालतं, श्रावणबाळला २१,०००. बाई तीच, घर तेच, पत्रा तोच. वाढदिवस झाला आणि गरिबीची रेघ अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर.

एकवीस हजार म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही सगळ्या घराचे. रोहयोची मजुरी २०२५-२६ ला दिवसाला ३१२ होती. ६८ दिवस खड्डे खणले की तुम्ही सरकारच्या लेखी सुखवस्तू. म्हणून काय होतं? रांगेत चौदा माणसं होती, चौदाही जणांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वीस हजार किंवा त्याच्या आत. एवढ्या माणसांना म्हातारपणी, हातात काठी घेऊन, खोटं बोलायला लावतो आपण. मावशींनी मला तीनदा विचारलं, 'हे खोटं लिहिलेलं पकडतील का गं?'

मग अंगठा. पस्तीस वर्षं राखेने आणि पावडरीने भांडी घासलेली बोटं, त्यांवर रेषा आहेत कुठे? पोऱ्याने ओल्या फडक्याने पुसायला लावलं, मग डोक्याचं तेल लावून बघा म्हणाला. दहाही बोटं झाली. मशीनचा दिवा लाल तो लालच.

उत्पन्नाची अट काढा. ज्याला पेन्शन नाही आणि जो आयकर भरत नाही, त्या पासष्टच्या वरच्या प्रत्येकाला द्या. एवढंच म्हणणं आहे.

हिशेबी
नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. मावशींबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण एका मावशीवरून धोरण ठरत नाही. राज्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज आहे. एकट्या लाडक्या बहिणीसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. वर सरसकट म्हातारे घ्या. पैसा कुठून आणायचा, वडाला लागतो का?

आणि खोट्या दाखल्याचं तुम्हीच कबूल केलंत. आमच्या गावात अडीच एकर बागायती ऊस असलेला गृहस्थ श्रावणबाळ खातो. त्याच्या दाखल्यावरही वीस हजारच आहेत. बुलेटवर येतो न्यायला.

कोरडी_विहीर
मी तेच म्हणतेय. अट अशी की खरा गरीबही खोटं बोलल्याशिवाय आत येत नाही, मग बुलेटवाला आणि मावशी कागदावर सारखेच. चाळणीचं भोक इतकं बारीक केलंत की चाळणी बाजूला ठेवून सगळे हातानेच निवडतात.

अक्काबाई
पोरं कशाला आहेत हा प्रश्न बरोबरच आहे ना पण? २००७ चा कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करायचा, मुलाला पोटगी द्यावी लागते, दहा हजारांपर्यंत. आमच्या सोसायटीतल्या आजोबांनी केला. मुलगा सुतासारखा सरळ.

कोरडी_विहीर
सोसायटीतले आजोबा. मावशींचा मुलगा चाकणला ठेकेदाराकडे आहे, हातात तेरा हजार पडतात, त्यात खोलीचं भाडं, दोन पोरं. तो तिला दहा हजार देणार? आणि ती त्याच्यावर केस करणार? ती त्यालाच महिन्याला पाचशे पाठवत होती, लाडक्या बहिणीचे.

राईन_काठ
इकडे जर्मनीतही म्हाताऱ्या बायका स्टेशनवर रिकाम्या बाटल्या गोळा करताना दिसतात, एका बाटलीला पंचवीस सेंट. पगारातून १८.६ टक्के पेन्शनला जातात, निम्मे मालकाचे, तरीही. मात्र म्हातारपणीची सरकारी मदत मागितली तर मुलांच्या खिशाला हात लावत नाहीत, मुलाचं उत्पन्न वर्षाला एक लाख युरोंच्या वर असेल तरच. तरी लाजेपायी कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

तिरकस_तात्या
आली जर्मनी. कुठलाही धागा असो, बारा प्रतिसादांच्या आत राईन नदी येतेच. आज सहाव्यालाच आली.

खडू_फळा
सगळे म्हाताऱ्यांवर बोलताय, उद्याच्या म्हाताऱ्यांचं काय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा लोकांना जुनी पेन्शन नाही. मी २००७ ला जिल्हा परिषद शाळेत लागलो. पगारातून दहा टक्के कापत गेले, त्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या काही वर्षांच्या अजून मिळाल्या नाहीत. मार्च २०२३ ला आठवडाभराच्या संपाला उतरलो तेव्हा कुठे समिती बसली. त्या तारखेच्या आधी लागला म्हणून शेजारच्या वर्गावरचा मास्तर पेन्शनर आणि मी बाजाराच्या भरवशावर. ही खरी म्हातारपणीची गरिबी.

मळीचा_वास
गुरुजी, तुमची 'खरी गरिबी' वाचून चहा नाकात गेला.

मी साखर कारखान्यात फिटर. अठ्ठावीस गळीत हंगाम. २०११ ला निवृत्त. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची, पेन्शन महिना १,८९० रुपये. तेव्हाही १,८९०, आजही १,८९०. महागाई भत्ता हा प्रकारच नाही. हिशेब साधा आहे: पगार कितीही असो, आमच्या वेळी ६,५०० च धरायचा, गुणिले १९९५ नंतरची वर्षं, भागिले ७०, त्याआधीच्या वर्षांचे किरकोळ वेगळे. २०१४ ला किमान हजार केली तर केवढा गाजावाजा. बुलढाण्याला आमचे लोक किती दिवस उपोषणाला बसले, तुमच्या शाळेने सहलीला म्हणून तरी आणलं का पोरं बघायला?

खडू_फळा
तुमच्यावर अन्याय झाला म्हणून आमच्यावर झाला नाही असं होत नाही. आणि तुमच्या कारखान्याच्या संचालकांना विचारा, आम्हाला कशाला?

मळीचा_वास
तुम्हाला यासाठी की मार्च २४ ला सरकारने तुम्हाला शेवटच्या पगाराच्या निम्मे अधिक महागाई भत्ता मान्य केलं. मिळालं ते मिळालं. तरी 'आमचं काय' चालूच. दर वेळी चर्चा गरीब म्हाताऱ्याची सुरू होते आणि थांबते सरकारी नोकराच्या पेन्शनपाशी.

खडू_फळा
त्यातल्या अटी वाचल्यात का आधी? निम्मा पगार ठरलेली सेवा झाली तर. उशिरा लागलेल्यांचं गणित वेगळं. आणि निवडणुकीच्या याद्या, जनगणना, पोषण आहार, सगळं आम्ही करायचं, वर टोमणे फिटरकडून ऐकायचे.

मळीचा_वास
'फिटरकडून' म्हणजे? नीट बोला.

अक्काबाई
अहो दोघंही. नातवंडं वाचतात इथे.

तिरकस_तात्या
माझा एक भाबडा प्रश्न. हिशेबी, आपण बँकेतून निवृत्त. आपण त्या बाजूला टाकलेल्या चार पैशांवर जगता की पेन्शन घेता?

हिशेबी
घेतो, आणि लाजत नाही. ती सरकारी खिरापत नाही. त्यासाठी पीएफमधला मालकाचा हिस्सा सोडलाय आम्ही. आणि विषय काढलाच आहे तर सांगतो, बँकांची पेन्शन योजना १९९५ ची, तेव्हापासून पेन्शनरांची मूळ पेन्शन एकदाही सुधारलेली नाही. पगारवाढीचे इतके करार झाले, आम्ही तिथेच. माझ्या नंतर पंधरा वर्षांनी निवृत्त झालेल्या शिपायाची पेन्शन माझ्या...

तिरकस_तात्या
म्हणजे तुमचीही वाढवून पाहिजे. वडाला लागतो का पैसा?

हिशेबी
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

कोरडी_विहीर
अठरा प्रतिसाद झाले, त्यांतले निम्मे पेन्शनवाल्यांचे एकमेकांशी. मावशी कुठे गेल्या?

मळीचा_वास, तुमच्या १,८९० ला बाराने गुणलं मी आत्ता. २२,६८०. म्हणजे तुम्ही श्रावणबाळच्या मर्यादेच्या वर. महिन्याला १४० रुपयांनी तुम्ही श्रीमंत आहात.

मळीचा_वास
माहितीये. गेलो होतो मी, सत्तरीला. समोरच्याने हाच गुणाकार करून दाखवला, कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून. किमान हजारवाल्यांना मिळू शकते, मला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, आपण मोठे लोक आहोत. आठवडाभर ती मला शेठ म्हणत होती.

खडू_फळा
हे माहीत नव्हतं. फिटर शब्द चुकला, मागे घेतो. जुन्या पेन्शनची मागणी मागे घेत नाही.

मळीचा_वास
घेऊ नका. पण पुढच्या मोर्चात आमची एक पाटी धरा.

हिशेबी
१४० रुपयांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. मर्यादा कालबाह्य झाली आहे, वाढवावी, पन्नास हजार करा, साठ करा. दिव्यांगांसाठी पन्नास केलीच आहे. पण सरसकट? नाही. माझ्यासारख्याला कशाला द्यायचे पंधराशे?

कोरडी_विहीर
तुम्हाला पेन्शन आहे, तुम्ही माझ्या म्हणण्यातही बाहेरच आहात. माझ्या पहिल्या लिखाणाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. आणि साठ केली की रांगेतल्या चौदाही दाखल्यांवर एकोणसाठ हजार येईल, बुलेटसकट. पेन्शन आणि आयकर तपासायला तलाठ्याची गरज नाही, दोन्ही आधीच संगणकात आहे.

हिशेबी
वाचलं. तुम्ही वकील व्हायला हवं होतंत. दाखल्यापुरतं मान्य, बाकी एक अक्षर नाही. पोरांची जबाबदारी पोरांचीच.

अक्काबाई
ते सगळं असू दे, मावशींचा अंगठा लागला का?

कोरडी_विहीर
नाही. डोळ्याच्या मशीनवर करू म्हणाले, ते मशीन बंद होतं. सोमवारी परत बोलावलंय. येताना दोन फोटो आणा म्हणाले, आधी दिलेले सापडत नाहीयेत.