स्नोमोबाइल लष्कराचे अपत्य आहे का?

हिमप्रेमी: स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी इंजिनाची गाडी, लष्कराच्या गरजेतून जन्मली आणि तिने आर्क्टिकमधील कुत्र्यांच्या स्लेज कायमच्या मोडीत काढल्या, हे मान्य करायला आता हरकत नसावी.

जुना वाचक: हरकत आहे, आणि ती दोन्ही विधानांना आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील व्हालकूरचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करतच होता. १९३४च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेल्यामुळे त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला इस्पितळात नेता आले नाही आणि तो दगावला. पुढे त्याची सात जणांची बी-७ आली, तेव्हा ती घेणाऱ्यांत डॉक्टर होते, पाद्री होते. लष्कर दारात आले ते महायुद्ध सुरू झाल्यावर. एका बापाच्या दुःखावर आपण परस्पर गणवेश चढवू नये.

हिमप्रेमी: दुःखाने इतिहास बदलत नाही. सोव्हिएत सैन्याने १९३९-४०च्या फिनलंड युद्धात एरोसानी उतरवल्या होत्या, त्या कोणत्या बापाने बांधल्या?

जुना वाचक: मागे विमानाचा पंखा लावलेली ती घसरगाडी झाडीत आणि चढावर हतबल होत असे. पट्ट्यांवर चालणाऱ्या स्नोमोबाइलशी तिचे नाते पवनचक्कीचे हेलिकॉप्टरशी असेल तेवढेच.

उत्तरवासी: मला कुत्र्यांबद्दल बोलायचे आहे. डेन्मार्कचे सिरियस गस्तीपथक १९५०पासून ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरूनच फिरते. दोन माणसे आणि डझनभर कुत्री महिनोन्‌महिने बाहेर असतात. मी स्वतः उत्तर स्वीडनमध्ये पाच हिवाळे काढले आहेत. उणे ३४ अंशांत, मुक्कामापासून अकरा किलोमीटरवर माझ्या गाडीचा, इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणारा रबरी पट्टा तुटला, आणि जवळचा दुसरा पट्टा लाकडासारखा इतका ताठ झाला होता की तो कोटाच्या आत पोटाशी धरून अर्धा तास ऊब दिल्यावरच चढला. कुत्रा असा तुटत नाही.

हिमप्रेमी: सुटा पट्टा आधीच उबेत न ठेवण्याचा निष्काळजीपणा आपला, आणि दोष यंत्राला! सिरियसच्या कुत्र्यांचे खाद्यही उन्हाळ्यात विमानाने आणि जहाजाने ठिकठिकाणी साठवावे लागते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. तेही इंधनच आहे, फक्त वास वेगळा.

उत्तरवासी: निष्काळजी कोणाला म्हणता? त्या थंडीत एकदा हातमोजा काढून पाहा, मग शिकवा. खाद्याच्या साठ्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, हे नाइलाजाने लिहितो. तरीही बर्फ पातळ असला की अनुभवी पुढचा कुत्रा बिचकतो. इंजिन थेट पाण्यात जाते.

जुना वाचक: मूळ प्रश्नाकडे येऊ या. कॅनेडियन रेंजर्स हे १९४७पासूनचे लष्करी राखीव दल. उत्तरेतील त्याचे बरेच सदस्य गस्तीला घरची स्नोमोबाइल घेऊन निघतात आणि तिच्या वापराचे पैसे सरकारकडून घेतात. शिकारीला जाणारी गाडीच गस्तीला जाते. मग लष्कराने जन्म दिला तो नेमका कशाला?

हिमप्रेमी: ठीक आहे, आपल्या समाधानासाठी वाक्य दुरुस्त करतो: लष्कराने स्नोमोबाइल जन्माला घातली नाही, भाड्याने घेतली. कुत्र्यांबाबत मात्र माघार नाही.