मदत हवी आहे: दवाखान्यातल्या पदासाठी बजेटमध्ये सूचना करता येते का?

नमस्कार मंडळी. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, ही सोय 2006 पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आम्ही पूर्वी पदपथ, बाकडी सुचवली आहेत. या वेळी मागणी वेगळी आहे. आमच्या भागातल्या दवाखान्याची इमारत चांगली आहे, पण रक्त तपासायला तंत्रज्ञच नाही. शेजारच्या आजींना साखर तपासायला दोन रिक्षा बदलून जावं लागतं, ते बघवत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे इमारत, उपकरणं भांडवली खर्चात येतात आणि पगार महसुलीत. कायम पदाला शासनाने मंजूर केलेला आकृतिबंध (कोणती, किती पदं याचा आराखडा) लागतो, वर आस्थापना खर्चाची, म्हणजे मुख्यतः पगार-भत्त्यांची, 35 टक्क्यांची मर्यादा. त्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं हद्दीत आली, म्हणजे आहेत तेच कर्मचारी आणखी पांगणार.

मग पद मागावं, की कंत्राटी सेवेसाठी तरतूद? अंदाजपत्रकाच्या पुस्तकात हे आरोग्य विभागाच्या कोणत्या शीर्षकाखाली शोधायचं? आणि मंजूर रक्कम वर्षाच्या मध्येच वर्गीकरणाने दुसरीकडे वळवली, तर ते आपल्याला कळतं कसं? स्थायी समितीचे ठराव पाहायचे, की थेट माहिती अधिकारात विचारायचं?

लेखा विभागात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. अर्जाचा मसुदा तयार आहे, वाचून दुरुस्त केलात तर फार उपकार होतील.