मदत हवी आहे (नोव्हेंबर २०२५): दिल्लीच्या गाडीला ‘ग्रीन टॅक्स’ कोणी भरायचा?

काटोलचा_बागायतदार
लवकर उत्तर हवं आहे. आंबिया बहाराचा संत्र्याचा माल तोडून झाला, उद्या संध्याकाळी गाडी भरायची आहे. आज दुपारी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की दिल्लीत शिरायचे चार हजार वेगळे पडतील, ‘ग्रीन टॅक्स’ आहे. भाडं दिवाळीनंतर लगेच ठरलं, तेव्हा हा विषयच निघाला नव्हता. फळाच्या गाडीला हा टॅक्स माफ आहे, आजवर कधी लागला नाही. ही सरळ अडवणूक आहे. नाही म्हटलं तर गाडीच पाठवणार नाही म्हणतो. तक्रार कुठे करायची?

वाडी_नाका
भाऊ, गाडी सहा चाकी की दहा चाकी? पासिंग कुठलं? बीएस (इंजिनाच्या धुराचा दर्जा) किती? आणि दिल्लीत नेमकी कुठे जाणार?

काटोलचा_बागायतदार
आझादपूर मंडी, अजून कुठे? दहा चाकी, एमएच ४० पासिंग. बीएस मला माहीत नाही, गाडी माझी नाही. मी टॅक्सचं विचारतोय.

वाडी_नाका
टॅक्सआधी गाडी आत जाते की नाही ते बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या पासिंगची बीएस-३ किंवा त्याखालची मालगाडी दिल्लीत घेत नाहीत. बीएस-४ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुभा आहे. बीएस-६, सीएनजी, इलेक्ट्रिकला अडचण नाही. एप्रिल २०१७च्या आधीची गाडी असेल तर बीएस-३ निघू शकते. आरसीचा फोटो मागवून घ्या, त्यावर लिहिलेलं असतं. दिल्लीच्या सीमेवर, बदरपूरला, गाडी परत फिरवली तर तुमचा माल तिथेच मऊ पडेल.

कळमना_गाळा
मी तर म्हणतो दिल्ली कशाला? इथेच नागपूरच्या कळमना बाजारात आणा, संध्याकाळी पैसे हातात. तिकडची पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत हमाली, अडत, भाडं आणि ‘इतर’ म्हणून किती कापलं ते कळतही नाही.

काटोलचा_बागायतदार
कळमन्याचा भाव मला परवडत नाही म्हणूनच दिल्ली. कृपया विषयावर बोला.

सिव्हिल_लाइन्स
विषयावर बोलतो. तुम्ही ज्याला ग्रीन टॅक्स म्हणता ते पर्यावरण भरपाई शुल्क. हायवेचा टोल चुकवायला ट्रक दिल्लीच्या आतून जायचे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५मध्ये ते लावलं आणि त्याच डिसेंबरात दुप्पट केलं. हलकी मालगाडी आणि सहा चाकीला १४००, दहा चाकी आणि त्यावर २६००. दूध, भाजी, फळं, धान्य नेणाऱ्या गाड्यांना सूट होती हे तुमचं बरोबर. ती सूट न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५च्या आदेशाने काढून घेतली. आत माल कोणता आहे हे तपासायला प्रत्येक गाडी थांबवावी लागायची, नाक्यावर रांगा लागायच्या आणि उभ्या गाड्यांचा धूर व्हायचा, हे त्यामागचं कारण.

म्हणजे शुल्क खरं आहे, पण ते २६००. चार हजार कुठून आले ते त्याला विचारा.

काटोलचा_बागायतदार
म्हणजे ऐन हंगामात सूट काढली आणि बागायतदाराला कोणी सांगितलंही नाही? धूर दिल्लीचा आणि पैसे काटोलच्या माणसाने भरायचे?

धंतोली_२२
धूर ट्रकचाही आहे ना. तिथल्या लहान पोरांनी नोव्हेंबरभर काय श्वासात घ्यायचं? माझी बहीण राहते तिथे. शुल्क असलंच पाहिजे.

वाडी_नाका
असावं, पण पडतं कोणावर ते बघा. मोठा मालक बीएस-६ गाडी घेतो आणि निदान प्रवेशबंदीतून सुटतो. एका गाडीवर घर चालवणाऱ्याकडे तेवढं भांडवल नाही. त्याला ना कर्ज मिळत, ना जुन्या गाडीला गिऱ्हाईक. नाक्यावर रात्रभर अडकून पडतो तो ड्रायव्हर, आणि त्या रात्रीचा भत्ता कोणी देत नाही.

हॅरोचा_नागपूरकर
इथे लंडनमध्येही हेच. २९ ऑगस्ट २०२३पासून सगळ्या बरोंमध्ये जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. डिझेल असेल तर युरो ६ हवी, पेट्रोलला युरो ४ चालते. माझा मित्र लग्नाचं जेवण पुरवतो. रात्री बारानंतर व्हॅन परत आली की दुसरा दिवस धरतात, म्हणजे एका लग्नाचे दोन दिवस. त्याने शेवटी व्हॅन बदलली. तुम्ही इलेक्ट्रिक ट्रकचा विचार केला का?

वाडी_नाका
दादा, नागपूर ते दिल्ली हजार किलोमीटरच्या वर आहे. दहा चाकी भरलेली गाडी सिवनी, सागर, झाशी करत जाते. चार्जिंग कुठे करायचं? उद्या गाडी भरायची आहे त्यांना.

नरखेडचा_पोरगा
रेल्वेनं काहून नाही पाठवत? २०२० साली नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला किसान रेल गेली होती, भाड्यात निम्मी सवलत होती. आझादपूर तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्या गावच्यांनी पाठवला होता माल. तेच परत सुरू करा म्हणून सगळ्यांनी मिळून मागणी केली पाहिजे. बांगलादेशनं संत्र्यावर ड्यूटी वाढवल्यापासून दिल्लीशिवाय दुसरं आहे काय आपल्याजवळ?

कळमना_गाळा
कळमना आहे.

काटोलचा_बागायतदार
आरसी आली. २०१८ची गाडी, बीएस-४. म्हणजे आत जाईल ना? आणि प्रदूषण वाढलं की ट्रक बंद करतात म्हणे, त्याचं काय?

सिव्हिल_लाइन्स
जाईल. प्रदूषण फार वाढलं की निर्बंधांचा चौथा टप्पा लावतात, त्यात ट्रक बंद होतात, पण जीवनावश्यक मालाला तिथे अजून मोकळीक आहे. ही मोकळीक वेगळी आणि शुल्काची सूट वेगळी, नाक्यावर दोन्ही एक समजून वाद घालू नका. बिल्टीवर ‘ताजी संत्री’ स्पष्ट लिहून घ्या.

पैशाचं म्हणाल तर शुल्क गाडीवर आहे, मालावर नाही. तुमच्यात काय ठरलं तेच महत्त्वाचं. भाडं ठरवताना ‘सगळं धरून’ असा शब्द झाला असेल तर तो मेसेज शोधून ठेवा.

काटोलचा_बागायतदार
मेसेज आहे, ‘पोच भाडं’ एवढंच लिहिलंय. आत्ता बोललो त्याच्याशी. म्हणतो उरलेले चौदाशे दिल्ली महापालिकेचा टोल आणि ड्रायव्हरच्या थांबण्याचे. मी म्हणालो, २६०० पावती दाखवली की देतो, टोलही पावतीवर, थांबण्याचं गाडी खरंच थांबली तर बघू. तयार झाला. मात्र भाडं टू पे (माल पोचल्यावर द्यायचं) असल्याने पैसे अडत्या देणार आणि माझ्या पट्टीतून कापणार.

वाडी_नाका
मग अडत्यालाही आजच कळवा, पावतीचा फोटो आल्याशिवाय वरचे पैसे सोडायचे नाहीत. आणि नाक्यावर पैसे कापतात त्या टॅगमध्ये पैसे आहेत का ते ड्रायव्हरला निघायच्या आधी बघायला लावा.

मोवाड_फार्म
आमचा भाजीचा पिकअप आहे, छोटा. त्यालाही २६००?

वाडी_नाका
नाही, हलक्या गाडीला १४००. पण पिकअपने मोवाडहून दिल्ली कोण जातं? गाडी कितीची, माल किती?