मदत हवी आहे: सासूबाईंचा गुडघा फिजिओ हाताने सरकवतो, त्याने खरंच फरक पडतो का? (बडोदा)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. सासूबाई 68 वर्षांच्या, आम्ही दांडिया बाजारात जुन्या घरात राहतो, स्वयंपाकघर वर आणि न्हाणीघर खाली, म्हणजे दिवसातून सात-आठदा जिना होतोच. उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय, आधी कमाटीबागेत दोन फेऱ्या मारायच्या, आता गेटजवळच्या बाकावरच बसतात. एक्सरेत ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) ग्रेड 3 आला, ऑर्थोवाले म्हणाले ऑपरेशनची घाई नको, आधी फिजिओ करा.

तर आता एक मुलगा घरी येतो, आठवड्यातून तीनदा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो, वाटी अंगठ्यांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवतो, मग नडगीचं हाड मागे ढकलत बारीक झोके देतो. दर वेळी "बा, पग ढीलो मूकी दो" म्हणावं लागतं कारण ह्या पाय ताठ धरून बसतात. नंतर तासभर एकदम मोकळं वाटतं, जिना भराभर चढतात (मीच ओरडते), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ये रे माझ्या मागल्या.

त्याने फाइलीत "ग्रेड 3 मोबिलायझेशन" (म्हणजे हेच हाताने सरकवणं) लिहिलंय ते वाचून सासूबाईंनी धसकाच घेतला, की एवढं करून अजून ग्रेड 3 च? आणि तो मांडीचे व्यायाम देऊन जातो ते करत नाहीत, "तो येतोय ना हाताने करायला" म्हणे. त्यात नणंदबाई एका हाडवैदाकडे न्यायचं म्हणतायत, तो झटका देऊन गुडघा "बसवतो". काय करू?

गोनिओमीटर: ताई, मी फिजिओच आहे. आधी तो धसका काढा, दोन ग्रेड वेगळे. एक्सरेचा ग्रेड म्हणजे सांध्याची झीज, 0 ते 4. फाइलीतला मेटलंड नावाच्या फिजिओच्या पद्धतीतला, म्हणजे हाताचा झोका किती मोठा आणि किती खोल. 1-2 दुखणं शमवायला, 3-4 आखडलेपणा सोडवायला. त्यामुळे गुडघा सुजून तापलेला असेल त्या दिवशी त्याला 3 करू देऊ नका. नडगी मागे ढकलतोय म्हणजे गुडघा वाकत नसणार, सरळ होत नसता तर पुढे ओढली असती.

हाताने झीज भरत नाही. दुखणं थोडा वेळ दबतं आणि आखडलेलं सैल होतं, बस. तो जो मोकळा तास मिळतो ना, तो तुम्ही जिन्यात घालवताय! त्याच तासात मांडीचे व्यायाम झाले पाहिजेत, स्नायूत ताकद आली तर ते टिकतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, हाताचे उपचार करायचेच तर व्यायामाच्या जोडीनेच. हाडवैदाचा झटका अजिबात नको, ह्या वयात हाडं ठिसूळ असू शकतात. आणि पोटरी एकदम सुजली-दुखली किंवा गुडघा लाल होऊन ताप आला तर फिजिओ बंद, सरळ डॉक्टर.

रावपुऱ्याची_सून: +1. आमच्याकडे पूजेचा पाट काढून खुर्ची ठेवली, महिनाभर रुसवा होता. वजन पण बघा हं, एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो म्हणतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. वजनाचं मी बोलणार नाही, भाकरी बंद होईल माझी 😄 फिजिओला सांगितलंय, हाताचं झालं की लगेच त्याच्यासमोरच पाय सरळ ठेवून उचलायचे दहा, मगच त्याला चहा. आज पहिला दिवस. सासूबाईंनी मोठ्याने मोजले, "सहा, सात, नऊ, दहा". त्याने "बा, आठ?" विचारलं तर म्हणाल्या, तुझा चहा गार होतोय.